बिल्ला खिशात, चपला स्टँडवर

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक विचित्र तक्रार आली. लोक लॉगिन करायचे, पहिलं पान नीट उघडायचं, पुढच्या पानावर गेलं की ‘पुन्हा लॉगिन करा’. पान रिफ्रेश केलं की परत आत! दिवसभर कोड चाळला, चूक सापडेना. संध्याकाळी उमगलं: गर्दी वाढली म्हणून आदल्या आठवड्यात दुसरा सर्व्हर, म्हणजे साइट चालवणारा संगणक, जोडला होता. विनंती एकदा याच्याकडे जायची, एकदा त्याच्याकडे, आणि हा माणूस कोण ते फक्त पहिल्यालाच ठाऊक होतं.

वेब ज्यावर चालतं तो एचटीटीपी प्रोटोकॉल जन्मजात विसराळू आहे. त्याला प्रत्येक क्लिक म्हणजे नवा पाहुणा. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या लू मोंटुली यांनी यावर कुकीचा उपाय काढला. सर्व्हरने ब्राउझरला एक चिठ्ठी द्यायची आणि ब्राउझरने ती दर वेळी परत दाखवायची. यामागे मागणी होती एमसीआय या अमेरिकी कंपनीची. ग्राहकांचे अर्धवट व्यवहार आपल्या सर्व्हरवर सांभाळायला त्यांना नको होते. म्हणजे ‘पाहुण्याची माहिती ठेवायची कुठे’ हा प्रश्न कुकीपेक्षाही जुना आहे.

देवळाबाहेर चपला ठेवल्या की हातात पत्र्याचा बिल्ला मिळतो. बहुतेक वेबसाइट तेच करतात. चिठ्ठीवर फक्त क्रमांक, बाकी सगळं सर्व्हरकडे. फरक एवढाच की बिल्ल्यावर ४१ नंतर ४२ येतो. वेबवर असं केलं तर कुणीही शेजारचा आकडा टाकून तुमच्या चपला घालून जाईल. म्हणून तिथे अंदाज बांधता येणार नाही अशी लांबलचक अक्षरमाळ असते.

मग या चपलांचा स्टँड कुठे असावा? पीएचपी या वेबसाइट लिहिण्याच्या भाषेची मूळ सवय म्हणजे सर्व्हरच्या डिस्कवर प्रत्येक पाहुण्याची एक फाइल. उघडून पाहिली तर आत एकाच ओळीत ग्राहक क्रमांक, भाषा, टोपलीतल्या वस्तू. साधी आणि भरवशाची सोय, पण एकाच सर्व्हरपुरती. आमचा घोळ इथेच होता. शिवाय १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं हालचाल झाली नाही की ती फाइल कचऱ्यात काढायला मोकळी, असं तिथे मुळातच ठरलेलं असतं. मोठा अर्ज भरताना मधेच कागदपत्रं शोधायला उठलेल्या माणसाचं सगळं लिहिलेलं जातं, ते अनेकदा यामुळेच. हा आकडा न बदलता सरकारी थाटाचे लांबलचक अर्ज बनवणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरी जागा डेटाबेस. जॅंगो या वेबसाइट बनवण्याच्या तयार चौकटीत मुळात हीच सोय आहे आणि मुदत १४ दिवसांची. सर्व्हर कितीही असोत, सगळे एकाच वहीत बघतात. मात्र प्रत्येक क्लिकला वही उघडावी लागते, आणि मुदत संपलेल्या नोंदी आपोआप पुसल्या जात नाहीत, झाडू आपणच मारायचा. फार वर्दळ असेल तर रेडिससारखा मेमरीत चालणारा साठा बरा; त्यात प्रत्येक नोंदीला स्वतःची मुदत लावता येते. तसाच मेमरीतला दुसरा साठा मेमकॅश्डही वेगवान आहे, पण जागा भरली की तो जुन्या नोंदी गुपचूप टाकून देतो. कॅशला, म्हणजे पुन्हा बनवता येणाऱ्या तात्पुरत्या प्रतींना, हे चालतं, लॉगिनला नाही.

चपला पिशवीत घालून स्वतःजवळच ठेवल्या तर? म्हणजे सर्व्हरने सगळी माहिती, खोट पकडता येईल अशी डिजिटल सही करून, कुकीतच द्यायची. जेडब्ल्यूटी नावाचं टोकन याच जातीचं. एसटीचा कागदी पास आठवा: कंडक्टर शिक्का आणि तारीख बघतो, डेपोला फोन करत नाही. काम झटपट होतं. पण पास आज रद्द केला, तरी तारीख उलटेपर्यंत तो चालतच राहतो. रद्द पासांची यादी प्रत्येक गाडीत ठेवायची म्हटलं, तर चपलांचा स्टँड परत आलाच. शिवाय कुकीत साधारण ४ किलोबाइटच मावतात, आणि सही असली तरी मजकूर उघडाच असतो, वाचायचा तो वाचतोच.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. लॉगिनचा बिल्ला ब्राउझरच्या लोकल स्टोरेज नावाच्या साठ्यात ठेवू नका. पानावर घुसलेली कुठलीही स्क्रिप्ट, म्हणजे पानात चालणारा कोड, तो उचलू शकते. ‘एचटीटीपी ओन्ली’ खूण लावलेली कुकी स्क्रिप्टला वाचताच येत नाही.

आम्ही त्या रात्री सगळं डेटाबेसमध्ये हलवलं. थोड्याच दिवसांनी एका ताईंचा फोन आला. मोबाइल रिक्षात राहिला होता आणि त्यावर लॉगिन उघडं होतं. त्या बोलत असतानाच आम्ही त्यांच्या नावाची ओळ शोधली आणि पुसली. फोन अजून रिक्षातच होता, पण आमच्या साइटपुरता तो आता कुणा अनोळखी माणसाचा झाला होता.