रोबो लोखंडी नव्हता, वेठबिगार होता

‘रोबो’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेकने लोखंडी यंत्रमानवासाठी तयार केला, असं आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. हे खरं नाही. शब्द सुचवला त्याच्या भावाने, चित्रकार योसेफने. हे कारेलने स्वतःच १९३३ साली लिहून ठेवलंय. आणि १९२० साली छापलेल्या कारेलच्या ‘आर. यू. आर.’ (‘रोसुम्स युनिव्हर्सल रोबोज’, म्हणजे नाटकातल्या रोबो-कारखान्याचं नाव) या चेक नाटकातले रोबो लोखंडी नाहीतच. कृत्रिम मांसाचे आहेत. कारखान्यात त्यांचा लगदा कालवतात, शिरा आणि मज्जातंतू सूत काततात तसे कातून काढतात. नाटकाच्या सुरुवातीलाच पाहुणी हेलेना समोरच्या सुल्लाला हाडामांसाची मुलगी समजते. ती रोबो आहे हे सिद्ध करायला कारखान्याचा संचालक काय सुचवतो? तिला चिरून दाखवू!

चेकमध्ये ‘रोबोता’ म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतात कुळांनी फुकट राबायचं, ही पद्धत चेक प्रदेश ज्यात होता त्या हाब्सबुर्ग साम्राज्यात १८४८ साली बंद झाली. म्हणजे चापेकच्या प्रेक्षकांना तो शब्द आपल्याला ‘वेठबिगार’ ऐकू यावा तसाच ऐकू आला असणार.

मला सगळ्यात जिव्हारी लागते ती वेदनेची गोष्ट. रोबोंना दुखत नाही, म्हणून ते स्वतःचे हात यंत्रात घालून मोडून घेतात. मालकांचं नुकसान होतं. म्हणून त्यांना वेदना द्यायचं ठरतं. दया म्हणून नव्हे, उत्पादनासाठी.

शेवटी रोबो बंड करून माणसांना मारतात आणि एकालाच जिवंत सोडतात, अल्क्विस्टला. कारण तो त्यांच्यासारखा हातांनी काम करतो.