बाटली फ्रीझरमध्ये ठेवू नका: घरी क्राफ्ट बिअर घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार.

मार्च लागला की आमच्या काउंटरवर दोन तक्रारी सुरू होतात. "एवढे पैसे मोजले, पण चव तर काहीच लागली नाही" ही पहिली. "बाटलीत पांढरे कण तरंगताहेत, माल खराब आहे का?" ही दुसरी. अमळनेरकडचे एक जुने ग्राहक तर सरळ म्हणाले, "भाऊ, हाई ते पाणीच शे." आम्ही प्रत्येकाला एकच विचारतो, बाटली कुठे ठेवली होती? उत्तर बहुतेक वेळा तेच येतं: फ्रीझरमध्ये. म्हणून हे पत्रक पिशवीत टाकत आहोत. घरी पोचल्यावर आधी हे वाचा, मग बाटली कुठे ठेवायची ते ठरवा.

जळगाव-भुसावळचा उन्हाळा आम्हीही इथेच काढतो. पारा ४५ अंशांवर गेला की घशाला गारेगार काहीतरी हवं असतं, यात चूक काहीच नाही. साधी लागर, म्हणजे नेहमीची हलकी बिअर, एकदम गार प्यायली तरी चालते, ती तहानेसाठीच असते. पण क्राफ्ट बिअरला, म्हणजे छोट्या कारखान्यांत थोड्या प्रमाणात बनवलेल्या बिअरला, जे जास्तीचे पैसे तुम्ही देता, ते मुख्यतः वासाचे असतात. वास देणारे घटक पेल्यातून वर उडाले तरच नाकापर्यंत येतात, आणि गारठलेल्या बिअरमधून ते फारसे उडत नाहीत. त्यात जीभही बधिर होते, माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा मागे पडतो. उरतो तो फक्त फेस आणि गारवा.

याचं उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या ओळखीचं आहे. जर्मन पद्धतीच्या व्हीट बिअरला, म्हणजे गव्हाच्या बिअरला, पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास असतो. रावेरकडच्या एका केळी बागायतदारांनी ती नेली आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, लेबलवर केळं लिहिलंय, बाटलीत कुठंय? बाटली तीन तास फ्रीझरमध्ये होती. आम्ही त्यांना तीच बिअर पुन्हा न्यायला सांगितली, पण या वेळी साध्या फ्रीजमधून काढून, ग्लासात ओतून पाच मिनिटं थांबून मग प्या म्हटलं. त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला, केळ्याचा वास सापडला होता. काही जण विचारतात, यात इसेन्स घालतात का? नाही. केळ्याला ज्या आयसोअमाइल अॅसिटेटमुळे मुख्यतः तो वास येतो, तोच पदार्थ या बिअरमधलं यीस्ट आंबताना तयार करतं. लवंगेचा वासही यीस्टचाच. २०१६ साली जीआय मानांकन मिळालेल्या जळगावच्या केळ्याशी तुमचं रोजचं नातं आहे. हा वास तुमच्याइतका अचूक दुसरं कोण ओळखणार?

आता कणांबद्दल. घरचा फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास असतो. पाच टक्के अल्कोहोलची बिअर उणे दोन-तीन अंशांतच गोठू लागते. पाणी गोठताना फुगतं, त्यामुळे काच तडकू शकते. तडकली नाही तरी बर्फ होताना आतला वायू बाहेर ढकलला जातो, आणि झाकण काढताच निम्मी बिअर ओट्यावर. पुन्हा वितळल्यावर बिअरमधली प्रथिनं कणांच्या रूपात वेगळी होतात. हेच ते तरंगणारे पांढरे कण. त्यांनी अपाय होत नाही, पण बिअरची गोडी गेलेली असते. गव्हाच्या बिअरचा मूळचा गढूळपणा वेगळा. ती मुळातच धुरकट दिसते आणि तळाशी यीस्टचा मऊ, बारीक थर असतो. बाटली हलकेच फिरवली की तो एकसारखा मिसळतो. तो दोष नाही, ती तिची ओळख आहे.

अचानक पाहुणे आले तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला आणि बाटल्या मानेपर्यंत बुडवा. हवेपेक्षा पाणी उष्णता फार लवकर ओढून घेतं, त्यामुळे वीस मिनिटांत बाटली पिण्याजोगी गार होते. मीठ मात्र टाकू नका. मिठाने पाणी शून्याच्या खाली जातं आणि फ्रीझरचीच गत होते.

काही ग्राहक आमच्यावर नाराज होतात की दुकानातल्या बाटल्या "कडक थंड" नसतात. ते आम्ही मुद्दाम करतो. आमचे फ्रीज आम्ही चार ते सहा अंशांवर ठेवतो, वीज गेली तर इन्व्हर्टरवर चालवतो, आणि आयपीए ही हॉप्स जास्त घातलेली कडू बिअर उन्हाळ्यात थोडीच मागवतो, कारण हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, ताजा वास काही आठवड्यांत उतरू लागतो आणि उष्णतेत तर फारच लवकर. जुनी झालेली बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. आमच्याकडून नेलेली बाटली दुपारभर गाडीच्या डिकीत राहिली तर आमची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून शेवटचं काम आटोपून घरी जातानाच आमच्याकडे या. उन्हाचंही हॉप्सशी वैर आहे. प्रकाश लागला की उग्र, कुबट वास सुटतो, म्हणूनच चांगल्या बाटल्या तपकिरी काचेच्या असतात. कॅनला तो धोका नाही.

दुकानात चाखायला द्या, अशी मागणी बरेच जण करतात. आमच्या परवान्यात ते बसत नाही. वयाचा पुरावाही आम्ही मागणार, त्याचा राग धरू नका.

घरी चाखायची तर काचेचा पेला घ्या. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही, फेसही नीट दिसत नाही. पेल्याला भांड्याच्या साबणाचा किंवा तेलाचा अंश असेल तर फेस लगेच बसतो, तेव्हा साध्या पाण्याने दोनदा विसळा. एक बाटली दोघा-तिघांत वाटून घ्या, अर्धाच पेला भरा, वर वासासाठी जागा राहू द्या. आधी हलकी, मग कडू, शेवटी काळी, असा क्रम ठेवा. मध्ये पाण्याचा घोट आणि साध्या भाकरीचा तुकडा. केळ्याचे वेफर्स नंतर खा, मीठ आणि तेल जिभेवर बसलं की पुढच्या बिअरचा न्याय होत नाही. "चढत नाही" म्हणून कमी गुण देऊ नका. ती चाखायची बिअर आहे.

जेवणाचं गणित खानदेशात थोडं वेगळं आहे, कारण आपलं ताट तिखट आहे. शेवभाजीसोबत कडू आयपीए आम्ही कधीच सुचवत नाही. मिरचीचा जाळ ही चव नव्हे, ती दाहाची जाणीव आहे. अल्कोहोल तीच जाणीव चेतवतं, वायूच्या बुडबुड्यांची चुणचुण वर भर घालते, आणि कडूपणा जिभेवर रेंगाळतो. अशा वेळी विटबिअर, म्हणजे बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर, घ्या. त्यात संत्र्याची साल आणि धणे असतात. काळ्या मसाल्यातल्या धण्यांशी तिचं लगेच जमतं.

वांग्याच्या भरिताला मात्र स्टाउट, म्हणजे काळी बिअर. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याची धुरकट चव आणि स्टाउटमधल्या काळ्या भाजलेल्या सातूची चव एका जातीची आहे. कळण्याच्या भाकरीबरोबर ही जोडी आम्हाला सर्वांत आवडते. स्टाउट फ्रीजमधून काढून उन्हाळ्यात दहा मिनिटं, थंडीत अर्धा तास बाहेर ठेवा. दहा-बारा अंशांवर ती खुलते. तुपात भिजलेल्या वरण-बट्टीला कोरडी म्हणजे गोडवा नसलेली, बुडबुडेदार पिल्सनर (लागरचाच एक प्रकार) बरी, ती तोंडातलं तूप धुऊन टाकते. मांड्यांच्या ताटात बिअर नको, ते सणाचं ताट आहे, असं आमचं मत.

मोबाइलवर तारे देण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा: बाटलीवरची तारीख, ती कुठे आणि किती वेळ ठेवली, पेला कोणता, सोबत काय खाल्लं. मग रंग, वास, पहिला घोट आणि गिळल्यावर काय राहिलं ते. आमच्याकडे ती नोंद घेऊन आलात तर पुढची बाटली निवडून देणं आम्हाला सोपं जातं. नव्यांसाठी आम्ही व्हीट, विटबिअर, आयपीए आणि स्टाउट अशा चार बाटल्या एकत्र काढून देतो, छापील किमतीतच.

बाटलीत खरंच दोष वाटला तर ओतून देऊ नका. झाकणासकट, उरलेल्या बिअरसह आणा. फ्रीझरमध्ये ठेवली असेल तर तसं सांगा. ती बदलून देता येणार नाही, पण चूक कुठे झाली ते नक्की सांगू. आणि हिवाळ्यात घरी भरिताचा बेत ठरला तर आठवडाभर आधी कळवा. माणसं किती ते तुम्ही सांगा, स्टाउट किती लागेल ते आम्ही सांगू.