गरोदरपणातली कंबरदुखी: मसाजने काय होतं, कायरोप्रॅक्टिकने काय होतं

गरोदरपणात कंबर दुखायचीच, असं म्हणून हे दुखणं बहुतेकदा सोडून दिलं जातं. ते सर्रास आढळतं हे खरंच. या विषयावरच्या ३४ चाचण्यांचा, म्हणजे पाच हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांच्या अनुभवाचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या नोंदीप्रमाणे दोन तृतीयांशाहून जास्त जणींची कंबर दुखते आणि जवळपास पाचातल्या एकीला पेल्व्हिसचं, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याचं दुखणं असतं. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. म्हणून मसाज करून घ्यायचा की कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मणक्यांना आणि सांध्यांना हातांनी झटके देऊन उपचार करणाऱ्याकडे जायचं, हे ठरवण्याआधी दुखतंय नेमकं कुठे ते पाहायला हवं.

बोटाने जागा दाखवायला सांगितली तर बरंच काही कळतं. बोट कमरेच्या मणक्यांवर, पट्ट्याच्या रेषेच्या वर गेलं आणि खूप वेळ उभं राहिल्यावर किंवा बसल्यावर दुखणं वाढत असेल, तर ती साधी कंबरदुखी. बोट कमरेखाली, मागच्या दोन खळग्यांपाशी गेलं तर दुखणं त्रिकास्थी, म्हणजे मणक्यांच्या तळाचं त्रिकोणी हाड, आणि नितंबाचं हाड यांच्यामधल्या सांध्याचं असण्याची शक्यता जास्त. अशा बाईला अंथरुणात कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना कळ येते. पुढे, ओटीपोटाच्या खाली जघनास्थीच्या जोडावर दुखत असेल तर तेही पेल्व्हिसच्याच दुखण्यातलं. आणखी एक साधी चाचणी आहे. थोडा वेळ पाठीवर झोपून एक पाय गुडघ्यात न वाकवता सुमारे २० सेंटिमीटर उचलायचा. तो शिशासारखा जड वाटला, पण दुसऱ्या कोणी दोन्ही बाजूंनी पेल्व्हिस हातांनी आत दाबून धरल्यावर सहज उचलला गेला, तर पेल्व्हिसचा पट्टा उपयोगी पडण्याची चांगली शक्यता आहे.

मांडीतून पायापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक कळेला ‘सायटिका’ म्हणायची पद्धत पडली आहे. मणक्यातून निघणारी नस खरोखर दबल्यामुळे येणारी कळ गरोदरपणात क्वचित आढळते, सुमारे शंभरात एकीला. बाकीच्यांची कळ बहुतेक त्या मागच्या सांध्यातून किंवा नितंबाच्या स्नायूंतून येते आणि गुडघ्याच्या खाली फारशी उतरत नाही. दुसऱ्या तिमाहीत चटकन उठताना किंवा शिंकताना जांघेत एका बाजूला येणारी चमक ही गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या अस्थिबंधांची असते. ती काही सेकंदांत जाते. तिथे चोळायची गरज नाही, उठण्याआधी गुडघे पोटाकडे घेतले तरी पुरतं.

दुखण्याचं कारण म्हणून सांधे सैल करणाऱ्या रिलॅक्सिन या संप्रेरकाचं नाव घेतलं जातं. पण रक्तातलं रिलॅक्सिन पहिल्या तिमाहीत सगळ्यात जास्त असतं आणि नंतर उतरतं, तर दुखणं सहसा पुढे वाढत जातं. शिवाय कोणाच्या रक्तात किती रिलॅक्सिन आहे आणि किती दुखतं, यांचा मेळ नीट बसत नाही. पोट पुढे येतं तसा शरीराचा तोल पुढे सरकतो, तो सावरायला पाठीचे आणि नितंबाचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात, पोटाचे स्नायू लांबतात आणि त्यांची पकड कमी होते, त्यात ११ ते १६ किलो वजन वाढतं. या सगळ्याचा वाटा मोठा आहे. जघनास्थीच्या जोडातली फट एरवी ४ ते ५ मिलिमीटर असते, ती गरोदरपणात आणखी २-३ मिलिमीटर वाढते. एवढं सगळ्यांचंच होतं. १० मिलिमीटरच्या पुढे गेली तर मात्र तो जोड उघडल्याचं निदान होतं आणि तिथे हातांनी उपचार करणाऱ्यांनी थांबायचं असतं.

मसाज: फायदा खरा, पण तात्पुरता

मसाजने दुखणं कमी का होतं, याची सगळ्यात जुनी आणि अजूनही पटणारी मांडणी रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये केली. त्वचेवरच्या स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत पोचले की दुखण्याच्या संदेशांना तिथेच अडवलं जातं. त्यात शांत, उबदार जागेत अर्धा तास कुशीवर पडून राहिल्याने आवळलेले स्नायू सैल होतात आणि झोप सुधारते. मसाजने ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल झपाट्याने उतरतं, असं जाहिरातींत ठासून सांगितलं जातं. २०११ च्या एका व्यापक विश्लेषणात मात्र हा परिणाम अगदी किरकोळ निघाला. मन हलकं होतं ते खरं आहे, त्यासाठी कॉर्टिसॉलची साक्ष काढायची गरज नाही. आराम मिळतो तो काही तासांचा, फार तर एक-दोन दिवसांचा.

झोपायचं कसं, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. साधारण २० आठवड्यांनंतर पाठीवर सपाट झोपलं की जड गर्भाशय मणक्याच्या उजव्या अंगाने हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, रक्तदाब उतरतो, गरगरतं, घाम फुटतो, मळमळतं. म्हणून कुशीवर झोपायचं, शक्यतो डाव्या. दोन्ही पायांच्या मधली उशी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोचेल एवढी लांब हवी. नुसती गुडघ्यांमध्ये ठेवली तर पाऊल खाली लोंबतं, मांडी आत वळते आणि मागचा सांधा पिळला जातो, मग मसाजनंतर जास्तच दुखतं. दुसरी पातळ उशी पोटाच्या खाली सरकवायची, तिसरी छातीशी धरायला. पोटासाठी भोक असलेली टेबलं दिसायला सोयीची वाटतात, पण पोट त्यात लोंबकळलं तर कमरेचा बाक आणि अस्थिबंधांवरचा ताण वाढतो. कुशीवर झोपवून काम करणाऱ्याचे हात जास्त भरवशाचे.

घरच्या माणसाला हे काम शिकता येतं. बिनवासाचं साधं तेल हातावर घेऊन कोमट करायचं, कारण या काळात वासाने मळमळ होऊ शकते. आधी दोन-तीन मिनिटं तळवे सपाट ठेवून कमरेपासून खांद्यांपर्यंत मणक्यांच्या दोन्ही बाजूंनी वर जायचं आणि बरगड्यांच्या कडेने हलके खाली यायचं. मणक्यांच्या हाडांवर दाब द्यायचा नाही. मग हाताची मूठ सैल धरून नितंबाच्या मांसल भागावर छोटी वर्तुळं, एका बाजूला तीन-चार मिनिटं. बहुतेकींचं खरं दुखणं इथेच मुरलेलं असतं आणि इथेच मसाज करणारे घाईत हात फिरवून पुढे जातात. शेवटी तळहाताची टाच त्रिकास्थीवर ठेवून दहा सेकंद स्थिर दाब, मग सोडायचं, असं पाच-सहा वेळा. पंधरा-वीस मिनिटांत एक बाजू होते, मग कूस बदलायची. दाबाचं माप तिनेच सांगायचं: दहापैकी चार-पाच. श्वास रोखावा लागत असेल तर दाब जास्त आहे. दुसऱ्या दिवशी अंग ठणकलं, तरीही तोच निष्कर्ष.

पायांवर हात हलका ठेवायचा, घोट्याकडून वर, आणि मांडीच्या आतल्या बाजूला खोल रगडायचं नाही. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं, शिरांमधला प्रवाह मंदावतो, त्यामुळे खोल शिरेत गाठ होण्याचा धोका एरवीच्या चार-पाच पट असतो. हजारात एक-दोन गरोदरपणांत ते घडतं, म्हणजे दुर्मीळच. पण तयार झालेली गाठ रगडल्याने सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. ही गाठ बहुतेकदा डाव्या पायात होते, कारण उजव्या पायाकडे जाणारी धमनी पोटात डाव्या पायाच्या शिरेवरून जाते आणि ती शीर आधीच थोडी दबलेली असते. एकाच पोटरीला सूज, ऊब, लाली, दाबल्यावर दुखणं, दोन पोटऱ्यांच्या घेरात २ सेंटिमीटर किंवा जास्त फरक: असं काही दिसलं तर मसाज थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. रात्री पोटरीत गोळा येतो तो वेगळा. पाऊल वर नडगीकडे ओढून धरलं की तो मिनिटभरात सुटतो.

पहिल्या तीन महिन्यांत मसाज केल्याने गर्भ पडतो, याला पुरावा नाही. सुरुवातीचे निम्म्याच्या आसपास गर्भपात गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. अनेक मसाज केंद्रं तरी नकार देतात, तो बहुधा आळ येऊ नये म्हणून. घोट्याच्या वरच्या ॲक्युप्रेशरच्या बिंदूवर दाबलं तर कळा सुरू होतात, हीसुद्धा तशीच समजूत. कळा सुरू करण्यासाठी मुद्दाम ते बिंदू दाबून पाहिलेल्या चाचण्यांतही ठोस परिणाम दिसलेला नाही. खरी काळजी उष्णतेची घ्यायची: गरम दगड, स्टीम, कढत पाण्याचे टब यांनी शरीराचं तापमान ३९ अंश सेल्सियसच्या आसपास जाऊ देऊ नये, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत, कारण तेव्हा गर्भाचा मज्जारज्जू घडत असतो. दुसरी काळजी बामची. दुखण्यावर लावायच्या कित्येक बाममध्ये मिथाइल सॅलिसिलेट असतं, ते ॲस्पिरिनच्या नात्यातलं, आणि कापूरही असतो. अंगभर चोळल्यावर ते त्वचेतून रक्तात जातं. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांच्या गटाबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये २० आठवड्यांनंतर टाळण्याची सूचना दिली आहे. जेल आहे, गोळी नाही, म्हणून चालेल असं परस्पर ठरवू नये.

कायरोप्रॅक्टिकचा दावा आणि वास्तव

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॅनियल डेव्हिड पामर यांनी केली. मणके किंचित सरकले की मज्जातंतूंचा प्रवाह अडतो आणि त्यातून रोग होतात, हा त्यांचा मूळ सिद्धान्त. त्याला आजवर पुरावा मिळालेला नाही आणि या व्यवसायातल्याही अनेकांनी तो मागे ठेवला आहे. सांध्याला झटका दिल्यावर येणारा ‘कट्’ आवाज म्हणजे हाड जागेवर बसल्याची खूण, हेही खरं नाही. २०१५ मध्ये बोटाचा सांधा ओढताना एमआरआयने चित्रण केलं, तेव्हा सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होताना दिसली. आवाज तिचा. हाड सरकलेलंच नव्हतं, मग बसणार कुठे? पेल्व्हिसचा मागचा सांधा मुळात एक-दोन मिलिमीटरच हलतो.

तरीही काहींना बरं वाटतं. झटक्यानंतर त्या भागातल्या स्नायूंचा आवळलेपणा थोडा वेळ उतरतो, आणि चांगला कायरोप्रॅक्टर नुसता झटका देत नाही. स्नायू सैल करतो, व्यायाम शिकवतो, बसण्या-उठण्याची पद्धत सुधारतो. गरोदरपणातल्या चाचण्या मात्र कमी आणि छोट्या आहेत. त्यांवरून एवढंच म्हणता येतं की थोडा उपयोग होण्याची शक्यता आहे आणि हे उपचार व्यायाम किंवा फिजिओथेरपीपेक्षा सरस असल्याचं दिसलेलं नाही.

जायचंच असेल तर आधी प्रसूतितज्ज्ञाला विचारून. गरोदर बाईसाठी टेबलाचा पोटाखालचा भाग खाली करता येतो किंवा पाचरीसारख्या उशा वापरतात. काही टेबलांचा एक भाग दाबाबरोबर सेंटिमीटरभर खाली पडतो, त्यामुळे हाताचा जोर कमी लागतो. कंबर पिळून दिलेला जोरदार झटका या काळात नको. मानेचा झटका तर नकोच. कंबरदुखीसाठी मान मोडण्याचं कारणच नाही, आणि क्वचित का होईना, त्याने मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. एक्स-रे काढल्याशिवाय उपचार करत नाही म्हणणाऱ्याकडून, किंवा पहिल्याच भेटीत प्रसूतीपर्यंतचे पैसे आगाऊ मागणाऱ्याकडून उठून यावं. चार-पाच भेटींत कूस बदलताना फरक पडला नाही तर पुढेही पडणार नाही.

बाळ पायाळू असेल तर ‘वेबस्टर पद्धत’ सुचवली जाते. लॅरी वेबस्टर या कायरोप्रॅक्टरच्या नावाने ती ओळखली जाते. तिने बाळ फिरतं हे सिद्ध झालेलं नाही; ३२ आठवड्यांना पायाळू असलेली कित्येक बाळं आपणहून डोकं खाली करतात आणि श्रेय उपचाराला जातं. सिद्ध उपाय म्हणजे ३६-३७ आठवड्यांच्या सुमारास रुग्णालयात, सोनोग्राफी आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून प्रसूतितज्ज्ञाने पोटावरून बाळ फिरवणं. ते साधारण निम्म्या वेळा जमतं.

कोणाच्याही हाताखाली जाण्याआधी काही लक्षणं वगळायला हवीत. ठरावीक वेळाने येणारी-जाणारी कंबरदुखी ३७ आठवड्यांच्या आत असेल तर ती अवेळी कळांची असू शकते. एका कुशीतलं दुखणं आणि थंडी-ताप म्हणजे मूत्रपिंडाचा संसर्ग. डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिणग्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज, रक्तदाब १४०/९० किंवा जास्त: हा प्रकार मसाजने ‘सूज उतरवायचा’ नाही, तो तातडीने रुग्णालयात न्यायचा. रक्तस्राव, पाणी जाणं, दोन्ही मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, लघवी अडणं यांनाही हेच लागू.

टिकाऊ फरक पाडतो तो व्यायाम. हातांवर आणि गुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ हळू वर उचलायची आणि सपाट करायची, दहा वेळा, दिवसातून दोनदा. पाठ खाली लोंबू द्यायची नाही. पेल्व्हिसचा पट्टा पोटावर बांधला तर काही उपयोग नाही. तो कमरेच्या पुढच्या दोन टोकदार हाडांच्या लगेच खाली, नितंबांभोवती घट्ट बसायला हवा, आणि चालताना-उभं असतानाच, झोपताना काढून. कूस बदलताना गुडघे एकमेकांना चिकटवून खांदे आणि कंबर एकदम वळवायची.

कळा सुरू झाल्यावर मात्र मसाजचा खरा उपयोग होतो. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तर कमरेत जीवघेणं दुखतं. कळ चढायला लागली की सोबतच्या व्यक्तीने तळहाताची टाच त्रिकास्थीवर ठेवून, स्वतःच्या शरीराचं वजन टाकून सरळ आत दाबायचं, कळ उतरेपर्यंत हलायचं नाही, आणि मधल्या वेळात हात काढून घ्यायचा. इथे दहापैकी चारचा नियम लागू नाही. बहुतेकजणी ‘आणखी जोरात’ म्हणतात. तासाभरात हात भरून येतात, त्यामुळे पाळी बदलायला दुसरं माणूस हवं.