खांदा दुखतोय म्हणून हात गळ्यात बांधू नका

लोकलचं हँडल धरताना खांद्यात कळ आली की ठाण्यात हमखास सल्ला मिळतो: महिनाभर हात हलवूच नकोस. दोन-चार दिवस जड उचलणं टाळा, एवढं ठीक. पुढे मात्र रोटेटर कफच्या, म्हणजे खांद्याचा सांधा जागेवर धरणाऱ्या, चारही स्नायूंना बेताचा ताण हवाच. हात बांधून ठेवला तर खांदा आखडतो, वर दुखणं तसंच.

दुखरा खांदा भिंतीकडे येईल अशी भिंतीला बाजू करून उभे राहा. कोपर ९० अंशांत वाकवा, कोपर आणि बरगडीमध्ये टॉवेलची गुंडाळी धरा. मनगटाची मागची बाजू भिंतीवर ३० सेकंद दाबा, ५ वेळा. गुंडाळी पडली म्हणजे कोपर सुटलं, जोर भलतेच स्नायू लावताहेत. थोडं दुखलं तर चालेल; दुसऱ्या दिवशीही ठणकलं तर जोर कमी करा.

पडल्यानंतर हात वर जातच नसेल तर व्यायाम नको, लगेच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.