चांगला भाडेकरू: दोन हजार वर्षांचा शोध

भाड्याने द्यायला घर घेतलेल्या माणसाची पहिली चिंता असते हप्त्याची, आणि दुसरी भाडेकरू कसा मिळतोय याची. यातली दुसरी चिंता फार जुनी आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरात एका भिंतीवर रंगवलेली जाहिरात सापडली. यूलिया फेलिक्स नावाच्या बाईंच्या मिळकतीतलं स्नानगृह, दुकानं आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्या भाड्याने देणे आहे. मुदत १३ ऑगस्टपासून सलग पाच वर्षं. स्नानगृहाचं जे वर्णन आहे त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक ‘प्रतिष्ठित लोकांसाठी’ असा लावतात. म्हणजे गिऱ्हाईक निवडण्याची सोय जाहिरातीतच केलेली होती.

रोममध्ये मात्र मोठे मालक या भानगडीत फारसे पडत नसत. अख्खी इमारत एखाद्या मक्तेदाराला ठरावीक वर्षांसाठी द्यायची आणि पोटभाडेकरू त्याने सांभाळायचे, अशी पद्धत होती. प्रसिद्ध रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरो याचीही अशी मिळकत होती. आपली दोन दुकानं कोसळली आणि बाकीच्यांना तडे गेलेत, त्यामुळे भाडेकरूच काय, उंदीरही निघून गेले, असं त्याने मित्राला लिहिलं आहे. पडीक घराला चांगला भाडेकरू मिळत नाही, हे कळायला त्याला फार विचार करावा लागला नसावा.

हा प्रश्न खऱ्या अर्थाने हाताळला तो इंग्लंडमधल्या समाजसुधारक ऑक्टेव्हिया हिल यांनी. १८६५ च्या सुमारास लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्या पैशाने लंडनच्या मॅरिलबोन भागातली तीन जुनाट घरं त्यांच्या ताब्यात आली. छत गळत होतं म्हणून जिन्यात बादली ठेवलेली, आणि जिन्याचे कठडे भाडेकरूंनी सरपण म्हणून जाळलेले. रस्किन यांची अट एवढीच, की गुंतवणुकीवर पाच टक्के सुटले पाहिजेत. हिल स्वतः दर आठवड्याला भाडं गोळा करायला जात. थकबाकी अजिबात चालवून घेत नसत, पण त्यांची खरी युक्ती डागडुजीच्या हिशेबात होती. प्रत्येक घरासाठी दुरुस्तीची वार्षिक रक्कम बाजूला काढलेली असे. मोडतोड कमी झाली की उरलेल्या पैशातून भाडेकरू सांगतील ती सोय घरात करून द्यायची. काच फोडली तर आपलंच नुकसान, हे भाडेकरूला उपदेशाशिवाय कळू लागलं. रस्किन यांचे पाच टक्केही सुटले. हिल यांची शिस्त आज जाचक वाटेल, पण मालक आणि भाडेकरू यांचं हित एकाच हिशेबात बसवण्याची त्यांची ही कल्पना मला पुढच्या अनेक कायद्यांपेक्षा हुशार वाटते.

कायदे आले ते भांडणातून. पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत दारूगोळ्याच्या कारखान्यांमुळे गर्दी वाढली, तशी मालकांनी भाडी चढवली. मेरी बार्बर आणि शेजारच्या बायकांनी भाडं द्यायचं नाकारलं, आणि १९१५ संपायच्या आत ब्रिटिश संसदेने भाडी युद्धाआधीच्या पातळीवर गोठवली. त्या घडीला ते रास्तच होतं. पण नियंत्रण या ना त्या रूपात अनेक दशकं टिकलं आणि मालकांनी दुरुस्तीतून हात काढले. घर रिकामं झालं की ते विकून मोकळं होणं अनेकांनी पसंत केलं. एकदा आत आलेला माणूस निघणार नाही म्हटल्यावर दारातली पारखही कडक झाली.

त्या पारखीला एक काळी बाजू आहे. ‘चांगला’ म्हणजे आपल्या रंगाचा, आपल्या धर्माचा, हा अर्थ कित्येक देशांत राजरोस चालला. अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने अशा नकाराला बंदी केली. तरी मालक स्वतः राहत असलेल्या चार बिऱ्हाडांपर्यंतच्या इमारतीला बरीचशी सूट ठेवलीच. त्यानंतर चेहऱ्याऐवजी उत्पन्नाचे दाखले, जुन्या कर्जफेडीची नोंद आणि आधीच्या घरमालकाचा अभिप्राय यांना वजन आलं.

आजचा एका फ्लॅटचा मालक मात्र अलीकडचा आहे. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने मुदतीचे करार सोपे केले, आणि १९९६ पासून येणारं भाडं हिशेबात धरून कर्ज देणारी ‘बाय टू लेट’ योजना निघाली. नोकरदार आणि पेन्शनर या व्यवसायात आले. पन्नास बिऱ्हाडांच्या मालकाला एखादं बिऱ्हाड रिकामं राहिलं तर झळ लागत नाही. याचं एकच घर, ते रिकामं म्हणजे उत्पन्न शून्य. भाडं पाच टक्के कमी घेतलं तर वर्षाला सुमारे अठरा दिवसांचं भाडं जातं. घर दोन महिने रिकामं राहिलं, तर साठ दिवसांचं. तरीही वरचे पाच टक्के मिळेपर्यंत घराला कुलूप लावून बसणारे मालक आहेतच.

कारण न सांगता घर खाली करायला लावणारी नोटीस रद्द करणारा कायदा इंग्लंडमध्ये २०२५ साली झाला. त्यामुळे तिथे दारातली पारख पुन्हा कडक होईल, अशी धास्ती भाडेकरूंच्या बाजूनेही व्यक्त होते आहे.