संध्याकाळी जड होणाऱ्या पापण्या

सकाळी आरशात चेहरा नेहमीसारखाच दिसतो. दुपार टळू लागते तशी एक पापणी हळूहळू खाली उतरते आणि संध्याकाळी वर्तमानपत्रातली ओळ एकाची दोन दिसते. रात्री भाकरीचे पहिले चार घास नीट चावून होतात, पुढे जबडाच साथ देत नाही. थोडी विश्रांती मिळाली की ताकद परत येते. या चढउतारामुळेच मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा आजार कित्येकदा साधा थकवा किंवा मनाचा खेळ समजला जातो, आणि रुग्ण तरुण स्त्री असेल तर तिची तक्रार फारशी कोणी मनावरही घेत नाही.

चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन हे रसायन बाहेर पडते आणि स्नायूवरील रिसेप्टरला, म्हणजे ते पकडणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटते, तेव्हा स्नायू आकुंचन पावतो. बहुतेक रुग्णांमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा याच रिसेप्टरविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयार करते आणि रिसेप्टरची संख्या घटत जाते. एखादी हालचाल पुन्हापुन्हा करताना दर वेळी थोडे कमी ॲसिटिलकोलिन बाहेर पडणे हे निरोगी माणसातही घडते. पण त्याच्याकडे रिसेप्टरचा साठा मुबलक असल्यामुळे ते जाणवत नाही, आणि रुग्णाकडे नेमका तोच साठा उरलेला नसतो.

लंडनमधील ग्रीनिचच्या सेंट आल्फेज रुग्णालयातील डॉक्टर मेरी वॉकर यांना या आजाराचे स्नायू लुळे पाडणाऱ्या क्युरारे विषाच्या बाधेशी असलेले साम्य जाणवले, म्हणून त्यांनी त्या विषावरचा उतारा असलेले फायसोस्टिग्मिन रुग्णाला टोचून पाहिले आणि मिटलेली पापणी काही काळ उघडली. हे निरीक्षण 1934 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच जातीचे पायरिडोस्टिग्मिन आजही रोजच्या उपचारात वापरले जाते. मूळ कारणाचा उलगडा मात्र 1973 मध्ये झाला, आणि तोही काहीसा अनपेक्षितपणे. जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम या संशोधकांना केवळ रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडे हवी होती. त्यासाठी विद्युत ईल माशाचे रिसेप्टर टोचलेले ससे लुळे पडले, कारण त्यांच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे त्यांच्या स्वतःच्या रिसेप्टरवरही तुटून पडली. मला याहून बोलका पुरावा वाटतो तो नवजात बाळांचा. आजारी आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात उतरतात, तेव्हा काही बाळे जन्मतः अशक्त असतात, नीट दूध ओढू शकत नाहीत, आणि काही आठवड्यांत ती उसनी प्रतिपिंडे संपली की पूर्ण बरी होतात.

छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीचा या आजाराशी जवळचा संबंध आहे. तरुण रुग्णांत ती अनेकदा वाढलेली आढळते, काहींत तिच्यात गाठ असते, आणि निवडक रुग्णांना ती शस्त्रक्रियेने काढून टाकल्याचा फायदा होतो. त्याखेरीज स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती आवरणारी इतर औषधे दिली जातात, तर आजार अचानक बळावल्यास रक्तद्रव बदलून प्रतिपिंडे काढली जातात.

काही अँटिबायोटिक्स आणि शिरेतून दिलेले मॅग्नेशियम यांमुळे स्नायू आणखी दुबळे होऊ शकतात, त्यामुळे दाताच्या दवाखान्यातसुद्धा रुग्णाने आपला आजार आधी सांगावा. गिळताना ठसका लागू लागला किंवा आडवे पडल्यावर श्वास अपुरा वाटू लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण श्वासाचे स्नायूही याच रिसेप्टरवर चालतात.