दाढेच्या खाचा, रंगाचे कारखाने आणि सीलंट

लहान मुलांच्या दाढेवर डेंटिस्ट जो पातळ थर देतात ना, सीलंट म्हणतात तो, त्याची मूळ आयडिया दातांच्या दवाखान्यातली नाहीच, रंगकामातली आहे.

दाढेवरच्या खाचा कधीकधी इतक्या अरुंद असतात की ब्रशचा एक केसही आत जात नाही, अन्न मात्र बरोबर जातं, आणि कीड तिथूनच सुरू होते. हे जुन्या डॉक्टरांनाही माहीत होतं, उपाय सापडत नव्हता. १८९५ मध्ये विल्सन यांनी खाचांत सिमेंट भरून बघितलं. मग १९२३ मध्ये अमेरिकेत हायट यांनी सुचवलं की कीड लागायच्या आधीच खाच ड्रिल करा आणि चांदी भरून मोकळे व्हा. म्हणजे चांगली दाढ पोखरायची, का तर ती उद्या किडेल म्हणून! आज ऐकून कसंतरी होतं, पण खाच तशीच सोडली तर बऱ्याचदा ती किडायचीच, त्यामुळे अगदीच वेडेपणा होता असंही नाही.

खरी गोची चिकटण्याची होती. ओल्या गुळगुळीत एनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरावर, काही टिकेचना. कारखान्यांत धातूवर रंग पक्का बसावा म्हणून आधी फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावायचे, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या डेंटिस्ट मायकेल बुओनोकोर यांनी तेच दातावर लावलं, ८५ टक्क्यांचं, ३० सेकंद, आणि १९५५ मध्ये ते छापून आलं. अ‍ॅसिडने एनॅमलला बारीक छिद्रं पडतात, जागा खडूसारखी पांढरी दिसते, आणि वरून लावलेलं अ‍ॅक्रिलिक, म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिक, त्या छिद्रांत शिरून घट्ट बसतं.

पण भरायचं काय? सुरुवातीला सायनोअ‍ॅक्रिलेट वापरून बघितलं, म्हणजे आपल्या फेविक्विकच्या जातीचं, ते तोंडातल्या ओलाव्यात तग धरेना. तोवर राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए नावाचं रेझिन, म्हणजे आधी पातळ लावून मग कडक करता येणारं प्लॅस्टिकसारखं द्रव्य, बनवलं होतं, तेच कामी आलं. १९७१ मध्ये न्युवा-सील नावाचं सीलंट बाजारात आलं, अल्ट्राव्हायोलेट लाइटने कडक होणारं.

टिकतं किती, हे बघायला अमेरिकेत सिमन्सन यांनी १९७६ मध्ये एकदाच सीलंट लावलं आणि पंधरा वर्षांनी तीच मुलं, आता मोठी झालेली, पुन्हा तपासली. पहिल्या पक्क्या दाढांपैकी चारातल्या एकीवर तरी थर पूर्ण शाबूत होता, आणि कितीतरी दाढांवर अर्धवट.

ही पहिली पक्की दाढ येते सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाचा एकही दात न पाडता, गुपचूप मागच्या बाजूला. म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात.